नऊशे मीटरच्या वर

सरांनी मला यादी करायला सांगितली त्या दिवशी मी दुपारचं जेवले नाही. उपास नव्हता. आनंदानंच भूक गेली.

"बाई, आपल्या इमारतीत कडेपालीच्या जेवढ्या म्हणून बरण्या आहेत, तेवढ्यांची यादी हवी," सर दारातूनच म्हणाले. नमुना-खोलीत ते कधी पाऊल टाकत नसत. स्पिरिटच्या वासानं त्यांचं डोकं उठायचं. "बरणीचा नंबर, तारीख, कुणी पकडली, किती उंचीवर. एकही सुटता कामा नये. मोठा नकाशासंग्रह निघतोय. माझ्या रेषेला त्यात दोन पानं दिलीत."

"एकही सोडायची नाही ना, सर?"

"एकदा सांगितलं ना? एकही नाही."

मी "बरं" म्हटलं आणि हातातली बरणी जपून खाली ठेवली.

कडेपाल म्हणजे अंगठ्याएवढी पाल. घरातल्या पालीसारखी ती रात्री निघत नाही, दिवसा हिंडते, आणि कातळाच्या भेगांमध्ये राहते. आमच्या संस्थेच्या मागं जी डोंगररांग आहे तिच्यावर ती नऊशे मीटर उंचीपर्यंतच सापडते, वर नाही, असं सरांनी एकोणीस वर्षांपूर्वी मांडलं. एखादा प्राणी इथवरच का राहतो, चार पावलं पुढं का जात नाही, हाच त्यांचा जन्माचा विषय. त्यांचं उत्तर होतं थंडी. नऊशेच्या वर रात्री इतक्या गार की अंडी उबतच नाहीत. मग त्यांनी नकाशात डोंगराच्या कमरेला पट्टा बांधावा तशी एक रेष ओढली. ती रेष गाजली, शाळेच्या पुस्तकात गेली, आणि सगळे त्यांना 'रेषेवाले सर' म्हणू लागले.

त्या रेषेच्या चारशे मीटर वर माझ्या ताईनं अकरा कडेपाली पकडल्या होत्या.

ताई तेव्हा सरांची मदतनीस होती. कड्याला अशी चिकटून चढायची की संस्थेत तिला सगळे घोरपड म्हणत. काठीच्या टोकाला दोऱ्याचा फास, खिशात उंचीचं यंत्र, दातात पेन्सिल. पाल फासात आली की तिथल्या तिथं चिठ्ठी लिहायची: तारीख, उंची, कातळाचं तोंड कुठल्या दिशेला. घरी येऊन आठवून लिहिलेली चिठ्ठी ही चिठ्ठी नव्हे, ते पत्र, असं ती म्हणायची.

आणि सर? सर डोंगरात जायचे ते मोटारीनं. गाडीरस्ता शेवटच्या वळणावर संपतो, तिथं एक चौकी आहे. चौकीच्या ओट्यावर सर घडीची खुर्ची टाकून बसत, थर्मास उघडत आणि म्हणत, "तू खालच्या अंगाचं बघून ये. चारला निघायचंय." खालच्याच अंगाचं, कधी वरचं नाही. कारण वर गेलेल्या माणसाला न्यायला वर जावं लागतं, आणि सरांना उंचीची भीती होती. ओट्याच्या कठड्यावरून खाली बघितलं तरी त्यांचे ओठ पांढरे पडत. हे ताईला ठाऊक होतं आणि ताईमुळं मला. तिसऱ्या कुणाला नाही.

चौकीची उंची किती, सांगू? आठशे नव्वद मीटर.

एकदा गाडीचा पाटा तुटला आणि दुसरी गाडी यायला संध्याकाळ होणार होती. ताईला आख्खा दिवस मिळाला. ती वर गेली. वळणाच्या जरा वरपासून तिला थोरली पाल दिसायला लागली, म्हणजे कडेपालीचीच चुलत बहीण, अंगानं दुप्पट आणि स्वभावानं चौपट. प्रत्येक चांगली भेग तिनं बळकावलेली. कडेपाल एक नाही. पण बाराशेच्या पुढं थोरली संपली, आणि तेराशेला, वाऱ्याच्या कड्यावर, कडेपाली पुन्हा सुरू. वर थंडी जास्त, तरी भेगेत अंडी, आणि उबलेली टरफलंसुद्धा.

ताई धापा टाकत खाली आली आणि तिथंच सरांना म्हणाली, "सर, थंडी नाही अडवत तिला. भाऊबंद अडवतात!"

सरांचा लेख तेव्हा छापायला गेला होता.

आठ दिवसांनी संस्थेच्या फळ्यावर कागद लागला. ताईचं नाव आडनावासकट, आणि खाली 'खोट्या चिठ्ठ्या लिहून संस्थेची दिशाभूल केल्याबद्दल कामावरून कमी'. सरांचं म्हणणं असं, की ताई चौकीखालीच सावलीला बसली आणि मनाला येईल ती उंची लिहून मोकळी झाली. कोण विचारणार, तुम्ही स्वतः कुठवर गेला होतात म्हणून? सर आधीच सर होते.

मी तेव्हा नमुना-खोलीत नवीन होते. "ती अकरांची बरणी फेकून द्या," सर मला म्हणाले. बरणी वहीत चढली होती, आणि वहीत चढलेली बरणी लेखी हुकमाशिवाय हलवायची नाही असा आमचा नियम आहे. मी हळूच विचारलं, "लेखी द्याल का, सर?" "देतो," म्हणाले आणि विसरले. मी बरणी तिच्या नंबराच्या जागी ठेवली, सगळ्यात खालच्या फळीवर, वटवाघळांच्या मागं. दर सहा महिन्यांनी इतर बरण्यांबरोबर तिच्यातही स्पिरिट भरलं. लपवली नाही हो मी ती. एकोणीस वर्षांत कुणी वाकलंच नाही.

ताईला पुढं एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम मिळालं, छापलेल्या कागदांना घड्या घालायचं. दर उन्हाळ्यात तिथं शाळेची पुस्तकं येतात. एकदा घरी आल्यावर पाय चोळत ती हसून म्हणाली, "आज आठ हजार वेळा सरांच्या रेषेवर घडी घातली गं. मेली बरोब्बर रेषेवरच येते."

ती हसली म्हणून मीही हसले. मग आत जाऊन देवापुढं बसले. आईनं लहानपणी मला दोन नेम लावून दिलेत: खोटं बोलायचं नाही आणि आवाज चढवायचा नाही. रोज पहाटे आंघोळ करून ते मी पुन्हा घेते. प्रार्थनेच्या शेवटी सगळ्यांना क्षमा करायची असते. त्या दिवसापासून मी म्हणत आले, "सगळ्यांना क्षमा, एक सोडून." देवानं कधी हरकत घेतली नाही.

यादी करायला मला चार दिवस लागले. दोनशे पंधरा बरण्या. अकरांची बरणी तिच्या नंबराप्रमाणे सातव्या पानावर आली: उंची तेराशे दहा, पकडणारी म्हणून ताईचं नाव. मी ते ना ठळक केलं ना बारीक. जसं होतं तसं लिहिलं.

शिपाईमामा फायली न्यायला आले, पानं चाळली आणि सातव्यावर थांबले. तीस वर्षांची नोकरी, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत घडलेलं.

"बाई, ही यादी आहे का सुरुंगाची वात?"

"सरांनी सांगितलं, एकही सोडू नका."

"आणि तुम्ही आपल्या गरीब गाय." मामा मिशीत हसले. "गाईची लाथ ज्यानं खाल्ली त्यालाच माहीत."

फाईल घेऊन मी स्वतः वर गेले. सर फोनवर बोलत होते. सही करायची त्यांची पद्धत अख्ख्या संस्थेला ठाऊक: पानाचा खालचा कोपरा उचलायचा, सही ठोकायची, पुढचा कोपरा.

"वाचून बघा, सर," मी म्हणाले.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "तुमच्यावर विश्वास आहे, बाई."

"सातवं पान तरी."

"अहो, देवमाणूस तुम्ही. तुमची यादी काय वाचायची?"

सातव्या पानाचा कोपरा उचलला गेला. सही झाली. मी जिना उतरताना एकेक पायरी मोजली, नाहीतर पळत सुटले असते.

अडीच महिन्यांनी नकाशेवाल्या बाई आल्या. नकाशासंग्रहाचं काम त्यांच्याकडं होतं. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, सतत सर्दी, सतत तोंडात पेपरमिंटची गोळी. सभेच्या खोलीत सगळे जमले. मलाही बोलावलं, कारण यादी माझ्या हातची. भिंतीवर नकाशा उमटला. हिरवा डोंगर, त्याच्या कमरेला तांबडी रेष, रेषेखाली काळे ठिपके दाट, मुंग्यांसारखे. आणि वर, माथ्यापाशी, एकच ठिपका.

सर पुढच्या खुर्चीत होते. मला त्यांची फक्त मान दिसत होती. तो ठिपका त्यांना कधी दिसला, ते मला त्यांच्या मानेवरून कळलं.

"रेष झकास आहे, सर," बाई म्हणाल्या. "फक्त हा वरचा ठिपका तेवढा सांगा."

"लिहिण्यातली चूक."

"अकरा पाली आहेत त्या. एक असती तर मीही चूक म्हटलं असतं. अकरा पाली चुकून डोंगर नाही चढत." मागं कुणीतरी फसकन हसलं. "शिवाय पानावर सही तुमची आहे."

"तशी बरणीच नाहीये." सरांचा आवाज चढला. "मी स्वतः ती फेकून द्यायला सांगितली होती!"

 नकाशेवाल्या बाईंनी गोळी या गालातून त्या गालात घेतली.

"म्हणजे होती," त्या म्हणाल्या.

सरांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नीट बघितलं असेल. मी उठले. "बरणी आहे, सर. लेखी हुकूम यायचा राहिला होता. आणू का?"

मी सावकाश गेले आणि सावकाश आले. बरणी टेबलावर ठेवली. स्पिरिट काचेसारखं स्वच्छ, अकरा पाली, आत ताईच्या पेन्सिलीची चिठ्ठी. अक्षर जरासुद्धा उडालेलं नाही. मनात म्हटलं, बघा सर, खोटी चिठ्ठी कशी टिकाऊ असते.

"चिठ्ठी खोटी आहे. त्या बाईला त्यासाठीच काढलं," सर म्हणाले.

"असेल," नकाशेवाल्या बाई म्हणाल्या. "मग काम सोपं आहे. वर जाऊन बघायचं. तुम्ही माथ्यापर्यंत पाहिलेलंच असेल ना, सर?"

क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस खरं बोलेल. बोलला असता तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. कदाचित पहाटेच्या प्रार्थनेतलं ते 'एक सोडून' गाळलंही असतं.

"अर्थात," सर म्हणाले.

"मग गुरुवारी निघू. वाट तुम्ही दाखवा. आणि ती पकडणारी बाई हयात असेल तर तिलाही बोलवा."

त्या संध्याकाळी सर नमुना-खोलीत आले. आत आले. नाकाला रुमाल लावून फळ्यांमधून चालत माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"बाई, तुम्ही असं म्हणा, की बरण्या भरताना तुमच्याकडून चिठ्ठ्यांची सरमिसळ झाली. जुनी गोष्ट आहे, तुम्हांला कुणी बोलणार नाही. तुमच्या ताईंना मी परत घेतो. पूर्ण पगारावर. फळ्यावरचा तो कागद दप्तरातूनही काढून टाकतो."

"मी खोटं बोलत नाही, सर."

"मग एकोणीस वर्षं गप्प का बसलात?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांनी रुमाल काढला. चेहरा घामानं चिकट झाला होता. "देवाधर्माच्या बाई तुम्ही. हा सूड शोभतो तुम्हांला?"

"नाही शोभत," मी म्हणाले. "पण मला तो घालून कुठं मिरवायचाय?"

सर गेले. मला वाटलं होतं, खूप गोड वाटेल. वाटलंच. मी खोटं बोलत नाही.

घरी मात्र मी आपटले. ताईला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, बरणीसकट. मला वाटलं होतं, ती मिठी मारेल. ती भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"मला विचारलंस?"

"तुझ्यासाठीच केलं ना गं."

"माझ्यासाठी? साध्वीबाई, माझ्या नावाचा दगड करून तू तुझा आंबा पाडलास! एकोणीस वर्षं ती बरणी आहे हे तुला ठाऊक, आणि मी तिकडं घड्या घालत बसले."

"आधी सांगितलं असतं तर तू भांडायला गेली असतीस. त्यांनी लेखी हुकूम काढला असता आणि बरणी गेली असती."

ती आणखी चिडली. "आणि पाली नसल्या तर? डोंगर तोच राहतो, त्यावरचे राहणारे बदलतात. थोरली सरकत सरकत माथ्यावर गेली असेल, धाकटीला हुसकलं असेल. मग काय? मी दुसऱ्यांदा खोटी ठरणार, साऱ्या जगासमोर, आणि या वेळी माझ्या सख्ख्या बहिणीमुळं. मी नाही येत जा."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बरणी जपली, चिठ्ठी जपली, राग तर लोणच्यासारखा मुरवला. पण डोंगरावरच्या पाली काही माझ्या फळीवर नव्हत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तीन दिवस ताई माझ्याशी कामापुरतं बोलली. गुरुवारी पहाटे मी देवापुढून उठले तर ती ओट्याशी बसून काठीला दोरा बांधत होती. गाठ दातानं आवळून तिनं फास ओढून बघितला.

"तुझ्यासाठी येत नाहीये," ती म्हणाली. "थोरली कुठवर चढलीय ते बघायचंय मला. पाणी घे दोन बाटल्या."

शेवटच्या वळणावर गाडी थांबली. चौकी तशीच होती. सर उतरले, पायांत नवे करकरीत बूट, हातात काठी. ओट्याकडं त्यांनी अशा नजरेनं बघितलं, जसा दिवसभराचा दमलेला माणूस खाटेकडं बघतो. ताई आणि ते समोरासमोर आले.

"बऱ्या आहात ना?" सर म्हणाले.

"पाय बरे आहेत," ताई म्हणाली आणि पुढं झाली.

पन्नाशी उलटली तिची, पण कातळ लागला तशी ती कारखान्यातली बाई राहिलीच नाही. नकाशेवाल्या बाई शिंकत, गोळ्या चघळत तिच्या मागून. एवढंसं शरीर पण दमाला भारी. मी मागं, सामानाची पिशवी घेऊन, आणि माझ्या मागं सर. ताई आरसा धरून भेगांत उजेड टाकायची आणि ओरडून सांगायची, "थोरली! हजार चाळीस!... थोरली! अकराशे!" बाई लिहून घ्यायच्या. तासभरात बाईंना ताईचं वेड लागलं. "अहो, हे तुम्ही कुठं लिहून का नाही ठेवलंत?" म्हणाल्या, आणि ताई म्हणाली, "ठेवलं होतं की. बरणीत."

बाराशेच्या पुढं वाट कड्याच्या अंगाला लागते. दोघं शेजारी चालतील एवढी रुंद. म्हैससुद्धा आरामात जाईल. पण एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. पुढच्या दोघी वळसा घेऊन दिसेनाशा झाल्या. मी वळून बघितलं तर सर कातळाला पाठ लावून उभे. काठी हातातून सुटून वाटेवर पडली होती. दोन्ही तळवे कातळावर पसरलेले, डोळे मिटलेले.

"सर?"

"पुढं व्हा तुम्ही. मी जरा... देखावा बघतोय."

डोळे मिटून! मी पुढं झाले नाही. पिशवी खाली ठेवली आणि तीन पावलांवर बसले. पडण्यासारखं काही नव्हतं, हे पुन्हा सांगते. मी काही कुणाच्या जिवावर उठले नव्हते.

वरून ताईचा आवाज आला. "तेराशे दहा! तीच जागा!" मग बराच वेळ काही नाही.  मग आवाज, पण खालच्या पट्टीतला. "थोरली."

"दुसरी भेग बघा," नकाशेवाल्या बाईंचा आवाज.

"थोरली. हीही थोरली."

सरांचे डोळे मिटलेलेच होते, पण ओठ हलले. हसले ते. "नाहीत ना?" ते पुटपुटले. "सांगत होतो मी. थंडी."

मी हात जोडले. देवाकडं मी माझ्यासाठी कधी काही मागितलं नाही, आणि तेव्हा मागितलं ते मागण्यासारखं नव्हतं. ताई खरी ठरावी असं नुसतं नाही मागितलं मी. हा माणूस हसताना मला दिसला आहे, ते हसू त्याच्या घशात अडकव, असं मागितलं.

अर्धा तास गेला असेल. वर दगड घसरल्याचे आवाज येत होते. ताई आणखी वर चढत होती.  सरांना ना पुढं जाता येत होतं ना मागं. नऊशेवर थांबलेला माणूस बाराशेवर अडकला होता.

आणि मग ताई ओरडली. आईनं तिला आवाज न चढवण्याचा नेम लावला नव्हता हे किती बरं. "सापडली! चौदाशे तीस! अगं, दोन आहेत, तीन आहेत! अंडी!" पाठोपाठ नकाशेवाल्या बाईंची शिंक, आणि शिंकेतून, "शाबास! थोरलीनं वर रेटलं हो यांना! थंडीबिंडी काही नाही, मागच्या रेट्यानं वर गेल्यात या!"

मी सरांकडं बघितलं. हसू गेलं होतं. कुठं अडकलं होतं ते देवाला ठाऊक.

"बाई," ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "हात द्या. मला खाली न्या. पाय उचलत नाहीये."

मी उठले, कपडे झटकले, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. हात शालीत होते, ते तिथंच ठेवले.

"देते. आधी एक सांगायचं तुम्ही. माझ्याजवळ नको, ताईला सांगा. चिठ्ठ्या खऱ्या होत्या म्हणून."

"खाली गेल्यावर बोलू."

"खाली तुम्ही सर असता."

त्यांनी डोळे किलकिले केले, दरी दिसली, पुन्हा मिटले.  मग ते म्हणाले, "चिठ्ठ्या खऱ्या होत्या."

"एवढ्यानं वर नाही पोचत. मोठ्यानं, सर."

"चिठ्ठ्या खऱ्या होत्या!"

"आणि?"

"आणि काय?"

"तुम्ही कुठवर गेला होतात."

त्यांच्या गालांवरून पाणी आलं, घाम की काय ते मी बघितलं नाही. मग कड्याला पाठ घासत, सगळा श्वास एकवटून ते ओरडले, "चिठ्ठ्या खऱ्या होत्या! मी कधी वर गेलोच नव्हतो! चौकीवर बसून होतो!"

आवाज कातळावर आपटत वर गेला. वरचं बोलणं थांबलं. दगड घसरायचे थांबले. माझ्या ताईचे कान मांजराचे आहेत. कारखान्याच्या गोंगाटात शेजारणीची घडी वाकडी पडली तरी तिला आवाजावरून कळतं. मी वाट बघत राहिले.

"काय म्हणतायत सर?" वरून ताईचा आवाज आला, मोकळा, खणखणीत. "वारा फार आहे गं इथं. काही ऐकू नाही आलं!"

सरांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.  हात शालीतच होते. त्यांनी पुन्हा श्वास घेतला.